सहा फेऱ्या, १,८०० रुपये आणि एक बिनकामाची दुर्बीण

लहान मुलांना टेकडीवर निसर्ग दाखवायला नेणाऱ्या फेऱ्यांबद्दल लिहितोय. आधी पैशाचं सांगतो, कारण असलं काही वाचायला येणारे आपण सगळे तेच आधी शोधतो. एक मूल आणि सोबत एक मोठं माणूस, सहा फेऱ्या, १,८०० रुपये. म्हणजे फेरीला ३००. आई-बाप दोघंही आले तर दुसऱ्याचे १०० वेगळे. वरून 'निसर्ग किट' नावाची एक पिशवी ६५० रुपयांना गळ्यात मारतात. तिच्याबद्दल पुढे लिहिलंय, आणि ते फारसं गोड नाही.

गटाचं नाव लिहीत नाही. तक्रारीही मांडायच्यात, आणि फेऱ्या काढणारी पोरं मेहनती आहेत, कुणाच्या पोटावर पाय यायला नको. पुण्यात वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी चार ते सात वर्षांच्या मुलांना फिरवतात, एवढं पुरे. जून ते फेब्रुवारी अशा सहाही फेऱ्या मी नातीबरोबर केल्या. नातीचंही नाव नाही, सूनबाईंची सक्त ताकीद आहे. वय पाच, समोरचा एक दात हलतोय, आणि बोलायला लागली की ब्रेक नाही.

मी कोण, तर एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं इंजिनं उतरवली, खोलली, परत चढवली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. लहानपण भोर तालुक्यात गेलं. रान, ओढा, गुरं हे सगळं कुणी फेरी काढून दाखवावं लागतं, हे डोक्यातच नव्हतं. सूनबाईंनी मोबाइलवर जाहिरात दाखवली तेव्हा मी हसलोच. टेकडीवर जायला पैसे? टेकडी काय नाटक आहे का, तिकीट काढून बघायला?

पण खरं सांगायचं तर माझी गाडी त्याआधीच तीनदा घाटात बंद पडली होती. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला, त्यामुळे नात दिवसभर आमच्याकडे. शाळेची व्हॅन दारात, लिफ्ट घरापर्यंत, बाग म्हणजे सोसायटीतला रबराचा चौकोन. पन्नास पावलं झाली की "आबा, कडेवर घे." म्हटलं, हिला मीच टेकडी दाखवतो. वेताळ टेकडी म्हणजे शहरातली सगळ्यात उंच. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, टेकडीचा माथा ८०० च्या आसपास. मोठ्या माणसाला काहीच नाही. मी वेळापत्रक आखलं: सहाला निघायचं, सातला वेताळाच्या देवळापाशी पोहोचायचं, पाच मिनिटं थांबा, आठला घरी चहा. अगदी लालपरीसारखं. पहिल्या रविवारी ती अर्ध्या वाटेत रडली. दुसऱ्या रविवारी चॉकलेट दाखवत वर नेली, उतरताना खांद्यावर आणली, माझा गुडघा दोन दिवस सुजला. तिसऱ्या रविवारी पलंगाखाली जाऊन बसली आणि तिथून म्हणाली, "टेकडी घाण आहे."

तेव्हा मुकाट्यानं १,८०० भरले.

पहिली फेरी जूनच्या मध्यात होती, दोन-तीन पाऊस होऊन गेल्यावर. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूनं वर जमायचं, पावणेसात. अकरा मुलं होती. नेणारी मुलगी पंचविशीची असेल. सगळे तिला ताई म्हणतात, मीही म्हणतो. पायात साधे बूट, खांद्यावर कापडी पिशवी, त्यात एक रिकामा स्टीलचा डबा आणि भिंग. शिट्टी नाही, झेंडा नाही. तिनं मुलांना सांगितलं, "आज आपल्याला कुठंही पोहोचायचं नाहीये." मी घड्याळ बघितलं. तीनशे रुपयांत कुठंही पोहोचायचं नाही!

पोहोचलोही नाही. गेटपासून शंभर पावलांवर एका मुलाला मातीत लाल ठिपका दिसला. मृगाचा किडा. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, नसेल पाहिला तर लाल मखमलीचा कपडा शिवताना एक थेंबभर तुकडा खाली पडला आणि चालायला लागला असं समजा. पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस जमिनीवर येतो, मग गायब. आमच्या लहानपणी काडेपेटीत भरायचो. अकरा मुलं गोल करून ओणवी झाली. मला राहवेना. मी नातीच्या कानाशी सुरू केलं: हा मृगाचा किडा, हा पावसात येतो, सांग बघू पाय किती, मोज, मोज ना, अगं नीट बघ. नातीनं वर बघितलं आणि तिचा चेहरा पलंगाखालच्यासारखा झाला.

ताई उठून माझ्याशेजारी आली. हळूच म्हणाली, "आबा, एक मदत कराल? मुलांनी काही दाखवलं की तुम्ही फक्त 'कुठं?' एवढंच विचारायचं. बाकी काही नाही." मग सगळ्याच आई-बापांना तेच सांगितलं. मोठ्यांना सकाळभर एकच शब्द मंजूर: कुठं?

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. ३१ वर्षं शिकाऊ पोरांना शिकवलं, आता ही मला शिकवणार. पण विचारलं. नात म्हणाली, "आबा, हा बघ, याला केस आहेत." मी म्हटलं, "कुठं?" तिनं माझी मान धरून खाली वाकवली आणि बोटानं दाखवले. मग पाय तिनंच मोजले. आठ. तिला मुंगीचे सहा माहीत होते, बालवाडीत सांगितलेले. "आबा, याला दोन जास्त आहेत, हा चुकलाय." आता उत्तर माझ्या जिभेवर होतं, कारण आदल्या रात्री मुलानं मोबाइलवर दाखवलेलं, की हा किडा म्हणतात पण नात्यानं कोळ्याच्या घरचा, म्हणून आठ पाय. दातांत जीभ धरून बसलो. ताईनं ते तिला सांगितलं, पण कधी? दहा मिनिटांनी, शेजारच्या झुडपात कोळी सापडल्यावर. "याचे मोज." आठ! नातीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू तिनं चोर पकडला.

या धंद्याची किल्ली मला तिथं सापडली. माहिती हातात आधीच कोंबली की पोर ती टाकून देतं. भुकेच्या वेळी पुढे केली की चाटूनपुसून घेतं. आणि भूक कधी लागेल ते घड्याळावर नसतं, म्हणून कुठंही पोहोचायचं नाही.

दोन तासांत आम्ही किती चाललो ते मी परतताना पावलांनी मोजलं. साडेपाचशे पावलं. आधीच्या दोन रविवारांत आम्ही याच्या कितीतरी पट चाललो होतो. आणि ती आज एकदाही कडेवर आली नाही. शेवटी एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत केकाटायला लागली. ताईनं लगेच सगळ्यांना उलट्या पावली मागे घेतलं, म्हणाली, इथं कुठंतरी उघड्यावर तिची अंडी असणार, ती आपल्याला हाकलतेय. मुलांनी अंडी शोधू का असं विचारलं. ताई म्हणाली, "आपल्या घरात कुणी तुमचं पांघरूण उचलून बघितलं तर?" सगळी मुलं गप्प मागे सरली. एका बापाला मात्र फोटो हवा होता, तो पुढे गेला आणि त्याच्याच मुलीनं त्याचा शर्ट धरून ओढून आणला.

आता तक्रार क्रमांक एक. जुलैची फेरी रद्द झाली. पाऊस होता, रद्द करणं बरोबरच. पण निरोप आला सकाळी पाच पन्नासला. आम्ही दोघं रेनकोट घालून लिफ्टमध्ये. पाच वर्षांच्या मुलाला उठवून, दूध पाजून, तयार करून पुन्हा झोपवता येत नाही, हे ज्यांना मुलं आहेत त्यांना कळेल. पावसाचा अंदाज आदल्या रात्री कुणालाही मोबाइलवर दिसतो. नंतर ती फेरी ऑगस्टमध्ये दिली, पैसे बुडवले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं.

ऑगस्टची फेरी म्हणजे चिखल. पांढरा शर्ट घालून जाऊ नका, मी गेलो होतो. गोगलगायी, पैसा किडा, ज्याला हात लावला की तो नाण्यासारखा गुंडाळतो, आणि दगड. हो, दगड. टेकडीचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे राहिले, पुढं त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली, म्हणून काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसतात. ताईनं कोटी-बिटी काही काढलं नाही. मुलांना दगड ओला करून बघायला सांगितला, ठिपके चकाकतात. नात म्हणाली, दगडाला दही लागलंय. टेकडीवरच्या दगडखाणीच्या पाण्याजवळ मात्र ताईनं कुणालाही फिरकू दिलं नाही, लांबूनच वळवलं. हे मला फार आवडलं. पावसाळ्यात तिथं सेल्फी काढणारी मोठी माणसं बघितलीत मी.

सप्टेंबरची फेरी विसरून जावी अशी. अकरा मुलांच्या जागी सव्वीस. का, तर कुणीतरी वाढदिवसाची पार्टी म्हणून अर्धी फेरी घाऊक विकत घेतलेली. फुगे होते. टेकडीवर फुगे! कुर्डूचे गुलाबी तुरे सगळीकडे डोलत होते, पण पोरांचं लक्ष रिटर्न गिफ्टकडे. मोराचं एक पीस सापडलं आणि सव्वीस जणांत एकच असल्यानं जे व्हायचं ते झालं. ताईचा घसा बसला. तिच्याबरोबर आलेला दुसरा मुलगा नवीन होता, त्याला 'कुठं?' माहीतच नव्हतं, तो मोराचं शास्त्रीय नाव सांगत होता. एक गाडी, दोन ड्रायव्हर आणि छतावर माणसं, अशी फेरी. एका ताईमागे बारा मुलं, याच्यावर एकही घेऊ नये. मी तसं लेखी कळवलं, उत्तर आलं 'सूचनेबद्दल धन्यवाद'. मात्र नोव्हेंबरपासून आकडा खरंच बाराच्या आत राहिला. माझ्यामुळे की आपसूक, ते सोडा.

नोव्हेंबर. आता इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, ज्यांना घाई असेल त्यांनी किटवर जावं.

नोव्हेंबरात टेकडीवरचं गवत पिवळं पडतं आणि कुसळं तयार होतात. पँटीला, मोज्यांना, साडीला चिकटणारी, टोचणारी. प्रत्येक आई पायातनं कुसळं काढत वैतागलेली. आम्ही गुरं राखायचो तेव्हा कुसळांना शिव्याच घातल्या. ताईनं काय केलं, मुलांना सांगितलं की आज जे मोज्याला चिकटेल ते घरी न्यायला परवानगी आहे. एरवी तिचा नियम कडक असतो, टेकडीवरचं पानही खिशात जायचं नाही. मुलं मुद्दाम गवतात घुसली. माझी नात, जी गवत पायाला लागलं की किंचाळायची, ती दोन्ही पाय घासत चालली, मोज्यांवर कुसळांचं पीक वाढवत.

ताई म्हणाली, घरी जाऊन एक कुसळ ओल्या कापसावर उभं करा. बास. का ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर आंघोळ नाही, नाश्ता नाही, आधी कापूस. कुसळ नीट बघितलंय का कधी? मी साठ वर्षांत बघितलं नव्हतं. खाली टोकदार बी, सुईसारखं. त्यावर मागे झुकलेले बारीक केस. आणि वर लांब काळपट शेपूट, दोरीला पीळ द्यावा तसं पिळलेलं, मध्येच कोपरातून वाकलेलं. बशीत ओला कापूस, त्यात कुसळाचं टोक खोचलं, शेपटावर दोन थेंब पाणी. आम्ही दोघं हनुवटी टेबलावर टेकून बसलो.

शेपूट फिरायला लागलं. घड्याळाचा काटा फिरावा तसं, हळू, पण डोळ्यांना दिसेल असं. नातीनं श्वास रोखला. मीही. पाणी लागलं की पीळ सुटतो, वाळलं की परत पडतो. रात्री दव पडतं, दुपारी ऊन लागतं, म्हणजे शेपूट एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि दर फेरीला बी मातीत आणखी खाली. मागे झुकलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. अहो, हे तर रॅचेट आहे, एकाच बाजूला सरकणारं, मागे न येणारं! ज्या रॅचेटच्या पान्यानं मी आयुष्यभर बोल्ट आवळले, ते गवतात होतं, डिझेल नाही, ऑइल नाही, आणि मी त्याला गुरं राखताना शिव्या घालत होतो. मी आतून रॅचेट आणला, नातीला दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. कर्र-कर्र. ती म्हणाली, "आबा, गवतानं तुझं बघून केलं?"

तो कापूस आमच्या घरात नऊ दिवस होता. रोज सकाळी पाणी घालायचं तिचं काम. सौ. म्हणाली, तुळशीला इतक्या नेमानं कुणी घातलं नाही.

तीनशे रुपये इथं वसूल झाले. अठराशेही झाले म्हणा.

जानेवारीत थंडी होती, मुलं उशिरा आली, ताईनं वाट पाहण्यात वीस मिनिटं घालवली. हा दोषच. वेळेवर आलेल्यांनी का गारठावं? पण त्या वीस मिनिटांत दोन गोष्टी झाल्या. थिरथिरा दिसला. हिवाळ्यात पाहुणा येतो, काळपट अंग, तांबडी शेपटी, आणि बसला की शेपटी थरथर. मुलांनी लगेच सगळ्यांनी आपापलं बूड थरथरवलं आणि थंडीही गेली. दुसरं, दगडाच्या आडोशाला कोरड्या मातीत छोटे छोटे नरसाळ्यासारखे खड्डे. मुंगीसिंह. आम्ही लहानपणी त्यात गवताची काडी फिरवून खाली बसलेल्याला बाहेर काढायचो, नाव कुणाला ठाऊक होतं? वाटाण्याएवढा राखाडी जीव, उलटा चालतो. खड्ड्याचा उतार असा नेमका की मुंगी कडेला आली की माती घसरते, ती चढायला लागली की हा खालून डोक्यानं माती फेकतो, पुन्हा घसरते. कोरडी वाळू ठरावीक उतारापेक्षा उभी राहत नाही, हे डंपर रिकामा करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. या गड्याला ते इंजिनिअरिंग न शिकता कळलंय. मोठा झाला की पंख फुटून चतुरासारखा दिसतो.

ताईनं मुंगी टाकून दाखवली नाही. मुलं मागे लागली, एक बापही मागे लागला. ती म्हणाली, "मुंगी आपणहून आली तर बघू." अर्धा तास एकही आली नाही. दोन मुलं कंटाळून गेली, माझी नात बसून राहिली. शेवटी आली एक, कडेपर्यंत गेली आणि वळून परत निघून गेली. नातीनं सुस्कारा सोडला. सुटल्याचा की निराशेचा, मला कळलं नाही, आणि नियमाप्रमाणे मी विचारलंही नाही.

आता आमच्या सोसायटीत मीटरच्या खोलीमागे, जिथं पाऊस पोहोचत नाही, तिनं असे सात खड्डे शोधलेत. वॉचमनला तिथं झाडू मारायला बंदी आहे. त्यानं मला विचारलं, साहेब, काय आहे तिथं? मी म्हटलं, बाईसाहेबांना विचार.

फेब्रुवारीच्या शेवटच्या फेरीला गिरिपुष्पाची झाडं गुलाबी झाली होती. पानं गळलेली, नुसती फुलं. दिसायला सुंदर. ताईनं सांगितलं की हे झाड बाहेरच्या देशातलं, टेकडी लवकर हिरवी व्हावी म्हणून लावलेलं. आमच्याकडे भाताच्या खाचरात त्याचा पाला खत म्हणून तुडवतात, ते मी सांगितलं, या वेळी परवानगी घेऊन. एका मुलानं विचारलं की टेकडीवर रस्ता होणार का, घरी बोलणं चालतं म्हणे. बालभारती ते पौड फाटा या टेकडीवरून आखलेल्या रस्त्याचं प्रकरण पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. ताईनं एवढंच विचारलं, रस्ता झाला तर मुंगीसिंहाचे खड्डे कुठं जातील? मुलांनी दहा जागा सुचवल्या, त्यातली एक आमच्या मीटरच्या खोलीमागची होती.

मग प्रमाणपत्र वाटलं. चकचकीत कागद, 'कनिष्ठ निसर्गतज्ज्ञ'. पाच वर्षांच्या पोराला तज्ज्ञ कशाला करायचं? त्याबरोबर एक कागद, दहा पक्ष्यांच्या चित्रांखाली नावं लिहा, सहा बरोबर आले तर बॅज. मुलांना एकदम परीक्षा आली. ज्या मुलाला सकाळभर सगळ्यात जास्त दिसलं होतं, त्याला अजून लिहिता येत नव्हतं, तो रडवेला झाला. ताईच्या चेहऱ्यावरून तिलाही हे आवडत नव्हतं. ऑफिसात बसलेल्या कुणाची तरी कल्पना असणार. काढून टाका हो.

आता किट. ६५० रुपयांत काय येतं: भिंग, दुर्बीण, फुलपाखरांची जाळी, पक्ष्यांचं प्लास्टिकबंद कार्ड, टोपी.

भिंग चांगलं आहे. खऱ्या काचेचं, कडा घासलेल्या, दांडी पकडायला लहान हाताला बरोबर. वेगळं मिळत असेल तर नक्की घ्या.

दुर्बीण मी दुसऱ्याच दिवशी खोलली, सवय जात नाही. आत प्लास्टिकची भिंगं, प्रिझम वगैरे काही नाही, आणि दोन नळ्या एकमेकींना समांतर नाहीत. एक डोळा झाडावर तर दुसरा आभाळात. एसटीत याला अलाइनमेंट गेली म्हणतात आणि अशी गाडी रस्त्यावर आणत नाहीत. मूल पाच मिनिटांत डोकं दुखतंय म्हणून टाकून देतं, आणि आपण म्हणतो हिला पक्ष्यांची आवड नाही. तशीही एवढ्या लहान मुलाला दुर्बिणीत पक्षी सापडत नाही, चांगली असली तरी. त्यांना जवळचं, जमिनीवरचं, हातभर अंतरातलं दिसतं. तिथंच ठेवा.

जाळीचं तर नवलच. गट जाळी विकतो आणि त्यांचीच ताई ती वापरू देत नाही! पहिल्याच दिवशी तिनं सगळ्या जाळ्या गोळा करून पिशवीत टाकल्या. पक्ष्यांच्या कार्डावर लाल छातीचा गोलमटोल रॉबिन आहे, तो युरोपातला. आपल्या टेकडीवरचा रॉबिन म्हणजे चीरक, तो त्यात नाही. कुठून तरी उतरवून छापलंय. नातीनं तो लाल पक्षी सहा महिने शोधला, बिचारीनं. यासाठी मला खरोखर राग आहे. टोपी ठीक.

जाणाऱ्यांसाठी चार बारीक गोष्टी. टेकडीवर स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नका, निघण्यापूर्वी घरी उरकून घ्या, नुसतं मुलाचंच नाही, तुमचंही. मोजे लांब, नोव्हेंबरात तर जुनेच. मोकाट कुत्री असतात, बहुतेक गरीब, पण डबा उघडताना मुलांना मध्ये बसवा. आणि डबा न्याच. पाकिटातलं काही ताई उघडू देत नाही. घरी मेथीचं नाव काढलं की तोंड फिरवणारी माझी नात दगडावर बसून मेथीचं थालीपीठ सगळं खाते, वर आमच्या वाट्याचंही. सौ. आता मुद्दाम जास्त देते आणि मला सांगते की तुमचं कमी पडलं तर पडू दे.

कुणी जाऊ नये? ज्यांना मुलाला व्यायाम द्यायचाय त्यांनी. व्यायाम होत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे फार हळू वाटेल. आमच्या शेजारचा चौथीतला मुलगा एकदा आला आणि अर्ध्या तासात दगडांवरून उड्या मारायला निघून गेला, त्याचंही बरोबरच होतं. फोनवर बोलणारे आई-बापही नकोत, दोन होते.

ताईला पाचपैकी पाच. फेऱ्यांना चार, सप्टेंबर धरून साडेतीन. किटला एक, तो भिंगाचा.

येत्या जूनची मालिका मी पुन्हा भरली आहे, किटशिवाय. नातीची अट आहे की या वेळी आजीनं यायचं आणि मी घरी कापसाला पाणी घालायचं. बघू. दुर्बीण कुणाला मुलांना खोलून दाखवायला हवी असेल तर फुकट घेऊन जा, एक स्क्रू कमी आहे.